अ. ब. क. च्या जागी आपलं नाव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेलं)



मेळाव्याच्या समितीचा फोन आला तेव्हा मला विषय दिला होता, 'आयटी क्षेत्रातील संधी'. मी विचारलं, "आपल्या १९९६ च्या दहावीतले किती जण आयटीत आहेत?" फोनवरच मोजलं. जेमतेम पाच. मग इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, सेंटरिंगवाले, फरशीवाले, रंगारी असे मोजायला लागलो, तर दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. त्यातल्या कित्येकांची मुलं आज आयटीआयला आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. बांधकामावर कुशल काम करणाऱ्या माणसाने स्वतःचा बायोडाटा कसा लिहावा, यावर मी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरपुढे बसणारी ही बाई वायरिंगवाल्यांना काय शिकवणार? शिकवणार नाहीच. यात मी एकदा सपशेल चुकले आहे आणि त्या चुकीची किंमत आपल्याच वर्गातल्या एका मित्राने मोजली. ती गोष्ट सांगायला उभी राहिले आहे. त्याला विचारून सांगते. "नाव घेऊ नको," एवढीच त्याची अट. तो इथेच बसलाय. ओळखलंत तरी कृपा करून मान वळवू नका.

हा मित्र दहावीनंतर आयटीआयला गेला. दोन वर्षं वीजतंत्रीचा कोर्स, एक वर्ष अप्रेंटिस, आणि मग पुण्याला इमारतींच्या कामावर. २४ वर्षं त्याने ठेकेदारांकडे काम केलं. एक ठेकेदार सुटला की दुसरा, एक साइट संपली की पुढची. रोजंदारी रोख, शनिवारी हातात. गुडघे कुरकुरायला लागले, मुलगी अकरावीत गेली, तेव्हा त्याने ठरवलं की आता कंपनीच्या हजेरीपटावर नाव लागलं पाहिजे. एका मोठ्या निवासी प्रकल्पाला इलेक्ट्रिशियन हवे होते. जाहिरातीत लिहिलं होतं, 'बायोडाटा पाठवा'. त्याने मला व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ गं जरा, बरा आहे का."

फोटो तिरका होता, कागदाच्या एका कोपऱ्यावर अंगठा आला होता. त्यात पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, आवड क्रिकेट, आधार क्रमांक होता. शेवटी 'वरील सर्व माहिती खरी आहे' आणि सही. मधे कुठेतरी एक ओळ: 'अनुभव २४ वर्षे'.

२४ वर्षांना दोन शब्द आणि एक आकडा. त्यापेक्षा क्रिकेटबद्दल जास्त कळत होतं, निदान खेळाचं नाव तरी होतं!

मला एकदम आपला मराठीचा पेपर आठवला. पत्रलेखनाचा प्रश्न आठवतो ना? नोकरीसाठी अर्ज लिहा. बाई बजावून सांगायच्या, पत्रात स्वतःचं नाव लिहायचं नाही, अ. ब. क. लिहायचं. परीक्षेपुरतं ते बरोबरच होतं, पेपर कुणाचा ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यभर तसाच अर्ज लिहिला. वर नाव आहे, पण खालचा मजकूर अ. ब. क. चा. कुणाच्याही नावाखाली चिकटवा, चालून जाईल.

आता माझी चूक. मी म्हटलं, "थांब, मी करून देते." मी कंपनीत मुलाखती घेते, शेकडो बायोडाटा वाचले आहेत. रात्री बसून तासाभरात त्याला एक चकचकीत इंग्रजी पान करून दिलं. परिणामाभिमुख, संघभावना असलेला, गतिमान वातावरणात काम करणारा, असले सगळे शब्द. बोलता बोलता तो म्हणाला होता की एका साइटवर ११ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर होता. मी लिहून टाकलं, 'एचटी आणि एलटी दोन्ही कामांचा अनुभव'. वाचताना वजनदार वाटत होतं. त्याने ते नीट वाचलं नाही, कारण त्याला वाटलं, ही इंजिनीअर आहे, हिने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.

मुलाखतीत समोर साइटचे इलेक्ट्रिकल इंजिनीअर बसले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "एचटी केबलचं टर्मिनेशन केलंय? कुठलं किट वापरलं होतं?" आपला मित्र खरं बोलला. म्हणाला, "नाही साहेब. ते काम वेगळ्या एजन्सीने केलं होतं. मी केबल ओढायला होतो. माझं काम ४१५ व्होल्टपर्यंतचं." साहेबांनी विचारलं, "मग इथे लिहिलं कसं?" त्यावर याच्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर पानावरच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहिला नाही. दहा मिनिटांत तो बाहेर आला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. रागावला नव्हता, ते जास्त लागलं. म्हणाला, "अगं, आमच्यात असं चालत नाही. लाइन चालू आहे की बंद, हे तोंडाने सांगून भागत नाही. टेस्टर लावला की कळतं."

मी माफी मागितली. आणि म्हटलं, आता आपण परत लिहू. या वेळी तू सांगायचं, मी फक्त लिहून घ्यायचं.

चार रविवार आम्ही फोनवर बसलो. पहिल्या रविवारी मी विचारलं, "काय काय केलंस?" तो म्हणाला, "वायरिंग. अजून काय?" आपल्या लोकांची ही मोठी अडचण आहे. रोज हाताखालून जातं ते त्यांना काम वाटतच नाही. मग मी प्रश्न बदलला. "पहिली साइट कुठली? किती मजली? किती फ्लॅट? सकाळी गेल्यावर पहिल्यांदा हातात काय घ्यायचास?" आणि मग धरण फुटावं तसा तो बोलायला लागला.

दुसऱ्या रविवारी वहिनींनी लोखंडी पेटी उघडली. त्यात जुने गेट पास होते, साइटच्या नावाचे आणि तारखांचे. इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानांनी दिवाळीला वाटलेल्या छोट्या डायऱ्या होत्या, त्यात हजेरी आणि उचल लिहिलेली. पगाराची चिठ्ठी एकही नव्हती. पण त्या डायऱ्यांवरून आम्ही साल आणि महिना धरून १४ साइट लावल्या. मित्रांनो, तुमच्या घरात असले कागद असतील तर रद्दीत घालू नका. ज्याच्याकडे सॅलरी स्लिप नाही, त्याची नोकरीची फाइल तीच.

त्यातून जे पान तयार झालं, त्यात काय होतं ते सांगते, कारण ते प्लंबरला, वेल्डरला, शटरिंगवाल्यालाही लागू पडतं.

सगळ्यात वर नाव, मोबाइल नंबर, राहण्याचं गाव, आणि त्याखाली एकच ओळ: 'इलेक्ट्रिशियन, निवासी इमारती, २४ वर्षे; आयटीआय वीजतंत्री; वायरमन परवाना'. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळलं पाहिजे की हवा तो माणूस हाच. जाहिरातीत 'इलेक्ट्रिशियन' म्हटलं असेल तर तोच शब्द लिहा, तिथे 'टेक्निशियन' लिहू नका. मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं. ते जाहिरातीतले शब्द तुमच्या पानात शोधतं. असलं सॉफ्टवेअर माझ्यासारखीच माणसं बनवतात, म्हणून सांगते, ते फार हुशार नसतं. तुमच्या मनात काय आहे ते त्याला कळत नाही, कागदावर काय आहे तेवढंच दिसतं. पण शब्द खरा असेल तरच घ्या. एचटीची गोष्ट विसरू नका.

मग परवाने आणि प्रमाणपत्रं. आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, अप्रेंटिसचं प्रमाणपत्र, वायरमनचा परवाना आणि तो कधीपर्यंत वैध आहे ती तारीख. विजेच्या कामात परवाना ही शोभेची वस्तू नाही, त्याशिवाय जबाबदारीचं काम देता येत नाही. आपल्या मित्राचा परवाना होता, पण पहिल्या कागदावर त्याने तो लिहिलाच नव्हता! "ते तर असतंच की," म्हणाला. असतंच असं समजू नका. लिहा.

त्यानंतर पानाचा मोठा भाग कामाला दिला. सर्वांत अलीकडची साइट आधी, जुन्या खाली. प्रत्येक साइटला दोन-तीन ओळी. पूर्वी होतं 'वायरिंगचे काम केले'. आता झालं: 'बारा मजली दोन इमारती, ९६ फ्लॅट. स्लॅब भरण्याआधी कंड्युट टाकणे, भिंतीत चेसिंग, वायर ओढणे, डीबी ड्रेसिंग, मीटर पॅनेलची जोडणी. ताबा देण्याआधी प्रत्येक फ्लॅटची मेगरने चाचणी. हाताखाली चार हेल्पर. ठेकेदारामार्फत.' ही ओळ वाचली की साइट इंजिनीअरच्या डोळ्यांपुढे काम उभं राहतं. आणि तो प्रश्न विचारील तेही याच ओळीतून विचारील, ज्याचं उत्तर तुम्हाला झोपेतही येतं.

इथे एक गंमत सांगते. त्याला इंग्रजी येत नाही म्हणून तो घाबरत होता. पण कंड्युट, डीबी, एमसीबी, आरसीसीबी, अर्थिंग, ग्लँड, लग, क्रिम्पिंग हे सगळे शब्द तो रोज बोलतो. बायोडाट्याचे महत्त्वाचे शब्द त्याच्या तोंडात आधीपासूनच होते. माझेच 'परिणामाभिमुख' वगैरे शब्द परके होते. आधी मराठीत लिहा, जसं बोलता तसं. मग शिकलेल्या पोराकडून इंग्रजी करून घ्या. पण त्याला एक ताकीद द्या, एकही काम वाढवायचं नाही. आणि पाठवण्याआधी ते पान त्याच्याकडून मोठ्याने वाचून, अर्थ समजून घ्या. ज्या कागदावर तुमचं नाव आहे, त्यातल्या प्रत्येक ओळीचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

'अमुक येत नाही' हे लिहायची गरज नाही, पण हद्द कळली पाहिजे. आम्ही लिहिलं, '४१५ व्होल्टपर्यंतचे एलटी काम'. मला भीती होती की यामुळे किंमत कमी होईल. तो म्हणाला, "उलट वाढेल. ज्याला आपली हद्द माहीत आहे त्यालाच साहेब पॅनेलला हात लावू देतो."

पुढे हत्यारं आणि मोजमापाची यंत्रं: मेगर, क्लॅम्प मीटर, अर्थ टेस्टर, चेसिंग मशीन, क्रिम्पिंग टूल. सिंगल लाइन ड्रॉइंग वाचता येतं, हे वेगळ्या ओळीत, कारण ते सगळ्यांना येत नाही. सुरक्षिततेचीही एक ओळ. काम करण्याआधी सप्लाय बंद करणं, कुलूप आणि टॅग लावणं, टेस्टरने खात्री करणं. हे तो करतच होता, फक्त ते सांगण्यासारखं आहे हे त्याला माहीत नव्हतं.

वेल्डर असाल तर कुठलं वेल्डिंग, किती जाडीची प्लेट, कुठल्या पोझिशनला, ते लिहा. शटरिंगवाले असाल तर प्लाय की अॅल्युमिनियम, किती उंचीचा कॉलम, किती दिवसांची स्लॅब सायकल. प्लंबर असाल तर सीपीव्हीसी, जीआय, ड्रेनेज, प्रेशर टेस्ट. प्रत्येक धंद्याचे आपले आकडे असतात. गणिताचे सर म्हणायचे ना, नुसतं उत्तर लिहू नका, एकक लिहा. इथेही तेच. '२४' नको, किती मजले, किती फ्लॅट, किती व्होल्ट, किती माणसं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो आठ महिने गावी होता. ती जागा रिकामी ठेवू का, असं त्याने विचारलं. आम्ही खरं ते लिहिलं: 'गावी शेती, घरगुती वायरिंग आणि पंपाच्या स्टार्टरची दुरुस्ती'. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

काही गोष्टी काढल्या. जात, धर्म, लग्न, वडिलांचा व्यवसाय काढला, तो लग्नाच्या बायोडाट्याचा मजकूर आहे. आधार क्रमांक आणि पॅन काढला, कारण हा कागद किती हातांतून फिरेल ते आपल्याला कळत नाही. मागितल्यावर, नोकरी लागताना द्यावा. मात्र नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर, आयटीआयच्या कागदावर आणि आधारवर एकच आहे का, हे आधीच तपासा. आखातात जाणाऱ्यांनी पासपोर्टही तपासावा. आखाताचा विषय निघालाच आहे तर एवढंच सांगते, एजंट म्हणतो 'बायोडाटा आम्हीच करतो' आणि चार वर्षांची आठ करतो. तिथे ट्रेड टेस्टला तुम्ही उभे राहणार आहात, एजंट नाही. एजंट नोंदणीकृत आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला दहा मिनिटं बसवा.

शेवटी दोन माणसांचे संदर्भ: एक जुने साइट इंजिनीअर, एक ठेकेदार. आधी फोन करून परवानगी घेतली. ते इंजिनीअर म्हणाले, "अरे, तुझ्यासाठी मी लेखी देतो." २४ वर्षांत याने कुणाला मागितलंच नव्हतं. साइट संपली की त्याच आठवड्यात साहेबांकडून चार ओळी लिहून, सही-शिक्क्यासह मागून घ्या. नंतर साहेब कुठे, तुम्ही कुठे.

ज्यांनी आयटीआय केलं नाही, काम बघून बघून शिकले, त्यांनीही निराश होऊ नये. आधी शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. जवळच्या आयटीआयत चौकशी करा. आणि आपल्या राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. १८ ते ६० वय आणि मागच्या वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. वायरिंगचं कामही त्यात धरतात. योजनांचा लाभ तर आहेच, पण मी म्हणते, तुम्ही बांधकामावर काम करता हे सांगणारा तो एक कागद आहे.

हे सगळं एका पानात बसलं. जास्तीत जास्त दोन पानं, त्यापुढे कुणी वाचत नाही. तिरका फोटो न काढता पीडीएफ केली आणि फाइलला त्याचं नाव आणि 'इलेक्ट्रिशियन' असं नाव दिलं. नाहीतर समोरच्याच्या मोबाइलमध्ये 'न्यू डॉक्युमेंट' नावाच्या ढिगात आपण हरवतो.

मग त्याने सहा ठिकाणी अर्ज केले. चार ठिकाणांहून काहीच आलं नाही. एकाने वय विचारून फोन ठेवला. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की चांगलं पान लिहिलं की नोकरी धावत येते. सहाव्या ठिकाणी बोलावलं. ट्रेड टेस्टमध्ये जिन्याचं टू-वे कनेक्शन आणि स्टार-डेल्टा स्टार्टर जोडायला दिला. नंतर साहेबांनी पान पुढ्यात घेतलं आणि मेगरबद्दल विचारलं, डीबीबद्दल विचारलं, हेल्पर कसे सांभाळतोस विचारलं. अर्धा तास. तो मला सांगत होता, "अगं, ते माझंच मला विचारत होते."

सुपरवायझरची जागा नाही मिळाली. टेक्निशियन म्हणून घेतलं. पगार शनिवारच्या रोखीपेक्षा फार जास्त नाही. पण भविष्य निर्वाह निधी कापला जातो, सुट्टीचे पैसे मिळतात. पहिल्या महिन्याची सॅलरी स्लिप त्याने मला पाठवली. या वेळी फोटो सरळ होता, अंगठा नव्हता. खाली लिहिलं होतं, "वहिनी म्हणाल्या, हीपण पेटीत ठेवते."

आता मागणं. आज दुपारी जेवणानंतर आठवी 'ब' च्या वर्गात मी आणि आणखी तिघी बसणार आहोत. लॅपटॉप आणलेत. ज्यांना स्वतःचं किंवा मुलाचं पान लिहायचं आहे, त्यांनी या. आम्ही फक्त विचारू आणि लिहून घेऊ. आणि तो मित्र, ज्याचं नाव मी घेतलेलं नाही, त्यालाही मी शेजारी बसवणार आहे. मी कुठे काही वाढवून लिहिलं, तर तो टेस्टर लावेल.

बाई, परीक्षेत तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही अ. ब. क. लिहिलं. आज त्या जागी आमची नावं लिहितो. तपासून द्याल?